एएमएच कमी आलं म्हणजे नेमकं काय कमी झालं? बीजांडांचा साठा आणि वय

सुरंगी
पणजी, मडगाव, म्हापशातल्या लॅबच्या 'महिला आरोग्य' पॅकेजांत हल्ली थायरॉइड आणि ड जीवनसत्त्वाच्या जोडीला एएमएचही (अँटी-म्युलेरियन हार्मोन, बीजांडांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) घातलेलं असतं. रिपोर्टवर ०.९ दिसतं, शेजारी 'कमी' असं छापलेलं असतं, आणि घरात सगळे हवालदिल होतात. उलटही घडतं. ४० व्या वर्षी २.८ येतं आणि 'अजून पुष्कळ वेळ आहे' म्हणत दोन वर्षं निघून जातात. माझ्या मते दोन्ही घरांनी रिपोर्ट चुकीचा वाचलेला असतो, म्हणून हा धागा.

आधी आकडे. मुलगी आईच्या पोटात २० आठवड्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजांडं असतात. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, पहिल्या पाळीच्या सुमारास ३ ते ४ लाख. ३७-३८ व्या वर्षी साधारण २५ हजार, आणि पाळी कायमची थांबते तेव्हा हजाराच्या आसपास. आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडणारी बीजांडं ४०० ते ५०० फक्त. नवी बीजांडं तयार होत नाहीत हे झुकरमन यांनी १९५१ मध्ये मांडलं. त्यानंतर प्राण्यांवरच्या काही प्रयोगांमुळे वाद झाले, पण बाईच्या अंडाशयात नवी बीजांडं आणून देणारा सिद्ध उपचार आजही नाही.

एएमएच या साठ्याचा अंदाज देतं. बीजांड चांगलं की वाईट हे ते सांगत नाही. ते कळतं वयावरून. म्हणून माझं मत असं की तूर्त मूल नको असलेल्या, तक्रार नसलेल्या बाईने एएमएच करूच नये. वेगळं वाटत असेल त्यांनी कारणासकट लिहा.

म्हापसेकार
वीस लाखांतली चारशेच वापरात येतात, तर बाकीची जातात कुठे?

जुवारीकाठ
जिरतात. प्रत्येक बीजांडाभोवती पेशींचं एक कवच असतं, ते आणि बीजांड मिळून फॉलिकल होतं. झोपलेल्या फॉलिकलमधली काही रोज जागी होतात. जागं झालेलं फॉलिकल परत झोपत नाही, एक तर वाढत जातं नाही तर विरून जातं. जागं होण्यापासून बीजांड बाहेर पडण्यापर्यंत बरेच महिने लागतात आणि शेवटचे दोन आठवडेच एफएसएच या फॉलिकल वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या ताब्यात असतात. तरुण वयात महिन्याला सुमारे हजार फॉलिकल या वाटेला लागतात, त्यातलं एक पिकतं.

ही गळती पाळीशी बांधलेली नाही. पाळी यायच्या आधीही ती चालू असते, गरोदरपणात चालू असते, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतानाही चालू असते.

बाय_केपें
म्हणजे गोळ्या घेतल्याने दर महिन्याचं एक एक बीजांड शिल्लक राहतं, हे चुकीचं?

जुवारीकाठ
चुकीचं. हजारातलं एक वाचलं तरी साठ्यात काय फरक पडणार? त्याचीच दुसरी बाजू सांगतो, कारण ही भीती फार मोठी असते: आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) इंजेक्शनांनी 'पुढची अंडी आधीच संपतात' हेही खरं नाही. त्या महिन्यात जागी असलेली जी दहा-बारा फॉलिकल एरवी विरून गेली असती, त्यांनाच जास्तीचं एफएसएच देऊन वाढवलं जातं. झोपलेल्या साठ्याला ते इंजेक्शन हातही लावत नाही.

अंत्रुज
सुरंगीताईंच्या धाग्यात लॅबची बाजू घालतो, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

पहिलं एकक. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर देतात, काही पिकोमोल प्रति लिटर. पिकोमोलच्या आकड्याला ७.१४ ने भागलं की नॅनोग्रॅम मिळतात. १२ पिकोमोल म्हणजे १.७ नॅनोग्रॅम. एका लॅबचे १२ आणि दुसरीचे १.७ शेजारी ठेवून 'सहा महिन्यांत कोसळलं' असं म्हणणारे लोक भेटतात. आकड्याच्या आधी एकक वाचा.

दुसरं किट. प्रत्येक कंपनीच्या किटचा आकडा थोडा वेगळा येतो. तुलना करायची तर तीच लॅब, तीच पद्धत. पहिल्या खेपेला १.४ आणि दुसऱ्या खेपेला १.२ म्हणजे काही बदललेलं नाही.

तिसरं बायोटिन. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं आणि ठरावीक किटमध्ये ते चाचणीतच लुडबूड करतं. एएमएच खोटं कमी दिसतं. एफएसएचही खोटं कमी दिसतं, म्हणजे तिथे परिस्थिती आहे त्यापेक्षा बरी वाटते. इस्ट्राडिओल (अंडाशयातलं आणखी एक संप्रेरक) मात्र खोटं जास्त येतं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या गोळ्या थांबवा आणि नमुना घेणाऱ्याला तसं सांगा.

चौथं गर्भनिरोधक गोळ्या. त्या चालू असताना एएमएच २० ते ३० टक्क्यांनी कमी येऊ शकतं. गोळ्या थांबवून दोन-तीन महिन्यांनी केलेली चाचणी जास्त भरवशाची.

एएमएच पाळीच्या कुठल्याही दिवशी चालतं, उपाशी राहायची गरज नाही. एफएसएच मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीच, आणि सोबत इस्ट्राडिओल हवंच. इस्ट्राडिओल ८० पिकोग्रॅमच्या वर असेल तर ते एफएसएचला दाबून ठेवतं. मग ७ आलेलं एफएसएच छान दिसतं, पण त्याला अर्थ नसतो.

सुरंगी
अंत्रुजभाई, इस्ट्राडिओलचा मुद्दा लाखमोलाचा. नुसतं एफएसएच करून आलेले रिपोर्ट ढिगाने दिसतात.

त्याला जोड सोनोग्राफीची. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात योनीमार्गे सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतली २ ते १० मिलिमीटरची फॉलिकल मोजतात. तो आकडा म्हणजे एएफसी. दोन्हीकडची मिळून पाच-सहाच दिसली तर साठा कमी, वीसच्या वर असली तर पीसीओएसचा (पाळी अनियमित करणाऱ्या संप्रेरकांच्या बिघाडाचा) विचार. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत हे नीट मोजता येत नाही. रिपोर्टवर नुसतं 'अंडाशय नॉर्मल' लिहिलं असेल तर ती एएफसी नव्हे. डावीकडे किती, उजवीकडे किती, असे आकडे लिहून मागा.

कुळागर
साठ्याबद्दल बोलणं झालं, आता दर्जा. वयाचा खरा घाव तिथे बसतो.

मुलीच्या जन्माआधीच बीजांडात गुणसूत्रांच्या जोड्या विभाजनासाठी तयार होतात आणि विभाजन अर्ध्यात थांबतं. ते पुढे सरकतं बीजांड बाहेर पडायच्या काही तास आधी, म्हणजे कुणाचं १८ व्या वर्षी, कुणाचं ४१ व्या. तेवढी सगळी वर्षं जोड्यांना धरून ठेवायचं काम कोहेसिन नावाची प्रथिनं करतात, आणि ती नव्याने भरून येत नाहीत. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेल्या जाळ्याची वीण सैल व्हावी तशी ही पकड सैल होते. मग विभाजनाच्या वेळी एखादं गुणसूत्र जास्त जातं किंवा कमी पडतं.

विशीच्या उत्तरार्धात आणि तिशीच्या सुरुवातीला साधारण चारातला एक भ्रूण असा बिघडलेला असतो. ३८-३९ ला जवळजवळ निम्मे, ४२-४३ ला चारातले तीन किंवा त्याहून जास्त. यातले बहुतेक रुजतच नाहीत किंवा सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भपात होतो. २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत घेऊन जन्मणाऱ्या बाळांचं, म्हणजे डाउन सिंड्रोमचं प्रमाण आईच्या २५ व्या वर्षी सुमारे १२५० त एक, ३५ ला ३५० त एक, ४० ला १०० त एक.

हे बीजांडाचं वय आहे, गर्भाशयाचं नाही. ४५ वर्षांच्या बाईने तरुण दात्रीचं बीजांड घेतलं तर यश दात्रीच्या वयाप्रमाणे मिळतं. म्हणून ४० व्या वर्षी २.८ एएमएच आलं तरी त्या बीजांडांचं वय ४० च. जास्त बीजांडं म्हणजे चांगलं एखादं सापडायची जास्त संधी, इतकंच.

म्हापसेकार
म्हणजे ३५ झाली की दार बंद?

कुळागर
नाही. ३५ ला कडा नाही. १९९२ च्या एका गणितात ३८ च्या सुमारास घसरण एकदम वाढते असं दाखवलं होतं, आणि तेव्हापासून लोकांच्या डोक्यात तो कडा बसला. २००८ मध्ये अंडाशयांतली फॉलिकल नव्या पद्धतीने मोजली तेव्हा असा मोड दिसला नाही, घट सलग वाढत जाणारी दिसली. ३४ आणि ३६ मध्ये फारसा फरक नाही. ३४ आणि ४१ मध्ये मोठा आहे. तिशीच्या आत-बाहेर दर महिन्याला गर्भ राहायची शक्यता २०-२५ टक्के धरतात, ४० ला ५ टक्क्यांच्या आसपास.

अबोली
सुरंगीताई, 'करूच नये' याला माझा विरोध आहे. सरसकट पॅकेजमध्ये नको, हे मान्य. पण काही बायकांनी मूल आत्ता नको असतानाही साठा पाहिलाच पाहिजे. आई किंवा बहिणीची पाळी ४५ च्या आत गेली असेल ती. एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजाराच्या) गाठीसाठी अंडाशयावर शस्त्रक्रिया झालेली किंवा होणार असलेली, कारण गाठ काढताना भोवतीचा निरोगी भागही थोडा जातोच. केमोथेरपी घेतलेली. घराण्यात फ्रॅजाइल एक्स हा आनुवंशिक विकार असलेली. आणि धूम्रपान करणारी, त्यांची पाळी एक-दोन वर्षं आधी जाते.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची. भारतात पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ धरतात, पाश्चात्त्य देशांत ५१. २०१४ मध्ये आयव्हीएफला आलेल्या भारतीय आणि स्पॅनिश बायकांची तुलना छापून आली, तिच्यात भारतीय बायकांचा साठा सुमारे सहा वर्षं पुढे गेलेल्या स्पॅनिश बायकांइतका निघाला. शिवाय गोव्यात लग्नं उशिरा होतात. शिक्षण, नोकरी, परदेशचा कंत्राट, मग घर. इंग्रजी साइटवर '३५ नंतर विचार करा' वाचून आपल्या मुलींनी निर्धास्त बसू नये, म्हणून लिहिते.

सुरंगी
ही यादी मला मान्य आहे, त्यांनी करावीच. माझा विरोध उरलेल्या निरोगी बायकांच्या बाबतीत, आणि त्याला आधार आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांचा अभ्यास झाला. ज्यांचं एएमएच ०.७ च्या खाली होतं त्यांनाही इतरांइतकाच लवकर गर्भ राहिला. महिन्याला एकच बीजांड लागतं, ते चांगलं असलं म्हणजे झालं. एएमएचचा खरा उपयोग आयव्हीएफमध्ये. इंजेक्शनांना किती बीजांडं मिळतील, डोस किती ठेवायचा आणि अंडाशय फार सुजण्याचा धोका आहे का, हे त्यावरून ठरतं. घरी प्रयत्न करणाऱ्या जोडप्याचं भविष्य त्यात दिसत नाही.

अबोली
त्या अभ्यासातल्या बायका आधीच प्रयत्नाला लागलेल्या होत्या. 'पाच वर्षांनी बघू' म्हणणारीला तो दिलासा लागू होत नाही. मी तिच्याबद्दल बोलतेय.

सुरंगी
बरोबर, तिथे तो लागू नाही. पण पाच वर्षांनी काय होईल हे एएमएचही सांगू शकत नाही. तिला वयाचे आकडे द्या, एएमएचची भीती नको.

दर्यावर्दी
विषय थोडा बाजूला जाईल, पण तारवट्यांच्या (जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या) घरांचं काय? सहा-नऊ महिने बोटीवर, दोन-तीन महिने घरी. 'वर्षभर प्रयत्न करून नाही झालं तर डॉक्टर' हा नियम आमच्या सासष्टी-बार्देशात कसा लावायचा?

जुवारीकाठ
नियम असा: ३५ च्या आत एक वर्ष, ३५ नंतर सहा महिने, ४० नंतर लगेच. हे महिने दोघं एकत्र असलेले धरायचे. पण बाईच्या वयाला बोटीचं कंत्राट कळत नाही, म्हणून तारवट्यांच्या बाबतीत लवकर तपासणी बरी.

सुट्टीत पहिल्या आठवड्यातच नवऱ्याची वीर्यतपासणी करा, दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७०-७५ दिवस लागतात, त्यामुळे इंजिन रूममधल्या उकाड्याचा परिणाम घरी आल्यावरही दोन-अडीच महिने दिसू शकतो. पहिला रिपोर्ट वाईट आला तर सुट्टी संपायच्या आत पुन्हा करा. आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) किंवा आयव्हीएफ ठरत असेल तर परत जाण्याआधी वीर्य गोठवून ठेवता येतं, मग तो समुद्रावर असताना इकडे उपचार थांबत नाहीत. संमतिपत्रांवर दोघांच्या सह्या लागतात, त्या विमान पकडायच्या आदल्या दिवसासाठी ठेवू नका.

घरी असतानाचे दिवस: बीजांड बाहेर पडण्याआधीचे पाच आणि तो दिवस, असे सहा. २८ दिवसांची पाळी असेल तर साधारण ९ ते १४. बीजांड १२ ते २४ तासच टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. म्हणून 'आज ओव्ह्युलेशन झालं' कळल्यावर सुरू करणं म्हणजे उशीर.

बाय_केपें
आणि खाण्याचं? अळशी, खजूर, नाचणीची तिजान, तिसऱ्या, सगळं सुचवून झालं मावशीमंडळाचं.

कुळागर
मावशींनी दिलेलं सगळं खुशाल खा, तिजान तर रोज. पण बीजांडांची संख्या कशानेही वाढत नाही. को-एन्झाइम क्यू-१० आणि डीएचईए बऱ्याच जणींना देतात, त्यांचा पुरावा कच्चा आहे. डीएचईए तर संप्रेरक आहे. पुरळ, केस गळणं, लव वाढणं हे त्याचे परिणाम, दुकानातून आपल्या मनाने घ्यायचं नाही. अंडाशयात पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त भाग) टोचून 'अंडाशय पुन्हा तरुण' अशा जाहिराती दिसतात, तो अजून प्रयोग आहे. पैसे मोजण्याआधी किती बायकांना बाळ झालं ते विचारा, किती जणींचं एएमएच वाढलं ते नको.

फॉलिक अॅसिड ४०० मायक्रोग्रॅम मात्र प्रयत्न सुरू करायच्या महिनाभर आधीपासून हवं, शक्य असेल तर तीन महिने. ते बाळाच्या मज्जारज्जूसाठी, साठ्यासाठी नव्हे.

म्हापसेकार
बीजांडं गोठवायचं कुणी लिहा ना. किती लागतात, कायदा काय?

जुवारीकाठ
पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून १० ते १२ दिवस एफएसएचची इंजेक्शनं, बहुधा रोज १५० ते ३०० युनिट. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बीजांड वेळेआधी सुटू नये म्हणून दुसरं इंजेक्शन. फॉलिकल १८ मिलिमीटरच्या आसपास गेली की ट्रिगर (बीजांड पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन), आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन सुईने बीजांडं काढतात. ट्रिगरची वेळ चुकली तर सगळं वाया जाऊ शकतं, त्यामुळे रात्री अकराचं म्हणजे अकराचंच. गोठवणं अतिजलद पद्धतीने, साठवण उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. वितळवल्यावर ८० ते ९० टक्के टिकतात.

पण मिळालेलं प्रत्येक बीजांड बाळ होत नाही. दहा काढली तर साधारण आठ पक्व, त्यातली सहाच्या आसपास फलित, पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन पोचतात. २०१७ च्या एका गणिताप्रमाणे किमान एका बाळाची ७५ टक्के शक्यता हवी असेल तर ३४ व्या वर्षी सुमारे १०, ३७ ला २०, ४२ ला ६१ बीजांडं गोठवावी लागतात. ४२ ला एका खेपेत चार-पाच मिळाली तर ६१ कधी होणार? म्हणून गोठवायचंच तर ३५-३६ च्या आत. आणि कॅन्सरचं निदान झालं असेल तर केमोआधी विचारायलाच हवं. पाळीची वाट न पाहता कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते, दोन आठवड्यांत काम होतं.

कायदा २०२१ चा. बाईला २१ ते ५०, पुरुषाला २१ ते ५५ या वयात उपचार घेता येतात, अविवाहित बाईलाही. दात्री २३ ते ३५ वयाची, आयुष्यात एकदाच दान, आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजांडं काढता येत नाहीत. केंद्राचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. भ्रूणाच्या गुणसूत्रांची तपासणी करता येते, लिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा.

अबोली
बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) २०२३ पासून मोफत आयव्हीएफ आहे, हेही इथे नोंदवते. खर्चाच्या धास्तीने वर्षं घालवू नका. ३८-३९ च्या जोडप्यांनी 'आधी पैसे साठवू' म्हणण्याआधी तिथली ओपीडी गाठावी.

बाय_केपें
मूळ प्रश्नावर येऊ. एक रिपोर्ट समजा: वय ३२, एएमएच ०.९ नॅनोग्रॅम, पाळी नियमित, प्रयत्न अजून सुरू नाही. दुसरा: वय ४०, एएमएच २.८, आठ महिने प्रयत्न. कसे वाचाल?

सुरंगी
पहिलीचा साठा वयाच्या मानाने कमी, बीजांडं मात्र ३२ ची. घाबरायचं कारण नाही, रेंगाळायचंही नाही. गोळ्या किंवा बायोटिन चालू होतं का ते विचारायचं, एएफसी करायची, आईची पाळी कधी गेली ते विचारायचं. मूल हवं असेल तर लगेच प्रयत्न सुरू, आणि सहा महिन्यांत नाही झालं तर वर्षाची वाट न पाहता तपासणी. दोन-तीन वर्षं लांबवायचंच असेल तर गोठवण्याबद्दल आत्ता बोलायचं.

दुसरीला एएमएचने खोटा धीर दिलाय. ४० आणि आठ महिने म्हणजे उशीर झालेला आहे. याच महिन्यात वीर्यतपासणी, गर्भनलिकांसाठी एचएसजी (नलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारा एक्स-रे), थायरॉइड, आणि आयव्हीएफचं बोलणं. २.८ चा तिला फायदा इतकाच की एका खेपेत बीजांडं बरी मिळतील. पाळी अनियमित असेल तर आधी पीसीओएस तपासायचं, त्यात एएमएच फुगलेलं येतं.

अबोली
पहिलीसाठी इतकंच घालेन की रुबेला लसीचं पण आत्ताच विचारा. लस घेतली तर महिनाभर थांबावं लागतं.

बाय_केपें
आणि तो 'दुसरा दिवस' कसा मोजायचा? डाग आज दिसला, नीट पाळी उद्या दुपारी.

अंत्रुज
डागाचा दिवस धरायचा नाही. नीट प्रवाह सुरू झाला तो पहिला दिवस. रात्री उशिरा सुरू झाली तर उजाडणारा दिवस पहिला धरा. तिसरा दिवस रविवारी येत असेल तर दुसऱ्याच दिवशी, शनिवारी रक्त द्या. चौथ्यासाठी थांबू नका.